गार घाम

भुकेलं वासरू, हंबरून सांगतं,
भुकेलं लेकरू, रडून सांगतं,
भुकेला धनी गं बाई, भांडून सांगतो.

हा आवाज गोजाबाईंच्या आईचा. मावळातल्या एका गावात, आवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावताना ती हे म्हणायची, आणि रांगेतल्या बाया शेवटच्या ओळीला फिसकन हसायच्या. बांधावर बसलेल्या लहानग्या गोजाला त्या हसण्याचं कारण कळायचं नाही. आवाज तेवढा कळायचा. ओल्या मातीसारखा जडसर, तरी कुठं न रुतणारा. आई गेली, खाचरं गेली, रांगेतल्या बायाही एकेक करून गेल्या. आवाज मात्र कानात घर करून राहिला.

लग्न होऊन गोजाबाई इंद्रायणीकाठी, देहूच्या अलीकडच्या गावात आल्या, तेव्हा त्यांना त्या हसण्याचा अर्थ लागला. यशवंतरावांच्या पुढ्यात ताट उशिरा आलं, की आमटीत मीठ कमी व्हायचं, बैलाचं दावं चुकीच्या खुंटीला असायचं, नि सासुरवाडीच्या माणसांना एक गोष्ट धड करता यायची नाही. गोजाबाई उलटून बोलत नसत. गरम भाकरी ताटात सोडत. दोनचार घास पोटात गेले की माणूस निवळायचा, आणि त्याच आमटीला चव यायची. मग त्या चुलीकडं तोंड करून हसून घेत.

असा संसार झाला. बैल गेले. रानही गेलं. घरामागं जिथं गहू डुलायचा तिथं निळ्या पत्र्याचं कंपनीचं शेड उभं राहिलं. उरल्या तुकड्यावर यशवंतरावांनी भाड्याच्या खोल्यांची रांग बांधली आणि तिथं कुठून कुठून आलेली, भोसरी-चाकणला कामाला जाणारी माणसं राहू लागली. स्वतः यशवंतराव काही वर्षं त्याच कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते. ज्या मातीत त्यांनी नांगर धरला, तिच्याच दारात गळ्यात शिट्टी घालून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला सलाम करायचा आणि पायाखालच्या जमिनीकडं बघायचं नाही, एवढं त्यांनी शिकून घेतलं. माणूस बोलायचा कमी झाला. गावात कुणी सल्ला विचारायला येईना.

एकच गोष्ट राहिली होती. चैत्रातला सप्ताह. त्या सात दिवसांत मारुतीच्या देवळापुढं मांडव पडायचा, रात्रंदिवस नामस्मरण चालायचं, आणि दुपारचा वीणेचा पहारा यशवंतरावांचा असायचा. वीणा गळ्यात अडकवून उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं, आणि पुढचा पहारेकरी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो नि घेणारा देणाऱ्याच्या. हा पहारा यशवंतरावांच्या वडलांचा होता, आणि वडलांची शिस्त अशी, की वीणा गळ्यात घ्यायची तर सकाळपासून पोटात अन्नाचा कण नको. बिनसाखरेचा चहा तेवढा चालेल. देवापुढं रिकाम्या भांड्यानं जावं, म्हणजे तो भरतो, असं ते म्हणायचे.

वडलांना साखरेचा आजार नव्हता. यशवंतरावांना होता, आणि यंदाच्या संक्रांतीपासून गोळ्या पुरेनात म्हणून सुई लागली होती. सकाळी एक, संध्याकाळी एक.

ही सुई घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. गावात सुईबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं. गोळी खाणारा माणूस आजारी. सुई लागली की मग त्याचं उरलं काय? म्हणून यशवंतरावांनी मुलाला, सुनेला बजावलं आणि गोजाबाईंना स्वतःच्या गळ्याची आण घातली. सून मोनिका तळवड्याला कंप्युटरच्या कामावर जायची. तिला हे पटलं नव्हतं, पण सासऱ्यांचा चेहरा बघून तिनं औषधाची बाटली लोणच्याच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये कोथिंबिरीमागं ठेवली.

सुई सुरू झाली त्या दिवशी तळेगावच्या दवाखान्यात दीक्षा नावाच्या सिस्टरनं दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. यशवंतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. गोजाबाई सिस्टरच्या तोंडाकडं. सिस्टर म्हणाली होती, की साखर वाढली तर ती माणसाला हळूहळू खाते, पण उतरली तर थांबायला वेळ देत नाही. सुई घेतली आणि जेवण चुकलं की उतरते. आधी हात कापतील, छातीत धडधडेल, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागेल, घाम फुटेल. मग माणूस चिडेल, नाहीतर गप्प होईल, बोलणं अडखळेल, डोळ्यांपुढं धुरकट दिसेल, काहीबाही बरळेल. दारू प्यायल्यागत वाटेल बघणाऱ्याला. तेव्हा वाट बघायची नाही. गिळता येत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, पाव तासानं पुन्हा बघायचं, आणि बरं वाटलं की पोटभर जेवायला घालायचं. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

“आणि घाम कसा, सांगू आजी?” सिस्टर म्हणाली. “उन्हाचा घाम गरम असतो. हा गार असतो. हात लावून बघायचं.”

गोजाबाईंनी ते मनात गाठ मारून ठेवलं होतं. पण मनातल्या गाठी वेळेला सापडतातच असं नाही.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी गोजाबाई देवळामागच्या मांडवात महाप्रसादाचे तांदूळ निवडत होत्या. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. पलीकडच्या वर्कशॉपात लेथ मशीन घरघरत होतं आणि अलीकडं टाळ वाजत होते. गावाला आता दोन्ही आवाज एकत्र ऐकायची सवय झाली होती. एकाएकी टाळ वाढले. मग बायांची पळापळ झाली, आणि चिमाबाई धापा टाकत येऊन म्हणाली, “गोजा, अगं चल, तुझ्या मालकाला माउलीनं जवळ केलं.”

त्या पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. यशवंतराव खांबाला टेकून बसलेले, चेहरा ओलाचिंब, आणि आबाजी त्यांच्यापुढं हात जोडून उभे. आबाजी म्हणजे सप्ताहाचे म्होरके, गावात त्यांचा शब्द शेवटचा. लोक एकमेकांच्या तोंडातला शब्द काढून घेत सांगत होते: नाना, गाव यशवंतरावांना नानाच म्हणायचं, कसे थरथरायला लागले, डोळे कसे लागले, देवाशी कसं काहीबाही बोलत होते, कुणाला त्यातलं अक्षर कळलं नाही. वीणा दुसऱ्यानं अलगद काढून घेतली. मग आबाजींनी मारुतीपुढचे पेढे त्यांच्या तोंडात घातले आणि कसे हळूहळू नाना माणसांत परत आले. प्रसादानंच परत आणलं, आबाजी म्हणाले. असा भाव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून नानांचे महाराज झाले. ज्यांनी फाटकावरल्या वॉचमनला कधी मान हलवून ओळख दिली नव्हती, ती माणसं ओट्यापुढं चपला काढू लागली. शेजारच्या गावातून गाड्या आल्या. कंपनीची फर्स्ट शिफ्ट सुटली की पोरं डबा हातात घेऊन सरळ दर्शनाला यायची. यशवंतराव कुणाला आशीर्वाद द्यायचे नाहीत, नुसते खाली बघून हसायचे. पण त्यांचं हसू बघून गोजाबाईंच्या काळजात कळ यायची. कितीतरी वर्षांनी त्यांचे खांदे सरळ झाले होते.

कुणीतरी त्या वेळचं शूटिंग केलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी ते गावाच्या ग्रुपवर आलं, आणि मोनिकानं फोन सासूच्या हातात दिला. गोजाबाईंनी ते पाहिलं. सगळ्या गावाला ज्यात देव दिसला, त्यात त्यांना नवऱ्याचा डावा अंगठा दिसला. तो बोटांवर घासला जात होता, एकसारखा, जसा परवा रात्री स्वयंपाकाला उशीर झाला तेव्हा घासला जात होता. तेव्हाही यशवंतराव वांग्याच्या भाजीवरून तडकले होते, त्यांचं कपाळ घामेजलं होतं, आणि जेवून उठल्यावर त्यांना आपण काय बोललो तेच आठवत नव्हतं. गोजाबाईंना वाटलं होतं, नेहमीचंच. भुकेला धनी भांडतोय.

त्यांनी डोळे मिटले आणि फोन कानाला लावला. नुसता आवाज ऐकला. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. आधी धड. मग शब्दांचे पाय लटपटायला लागले. जीभ जड झाली, ‘कृष्ण’ गिळला जाऊ लागला, नि शेवटी नुसती कण्हल्यासारखी ओढ उरली. ज्या माणसाच्या आवाजाशेजारी त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं, त्या आवाजात असला सूर त्यांनी भक्तीत कधी ऐकला नव्हता. दमलेल्या बैलासारखा आवाज होता तो. मदत मागणारा.

“मोनिका,” त्या म्हणाल्या, “ही भक्ती न्हाई गं. साखर उतरली व्हती.”

“मला पण तेच वाटलं, आई. पण ऐकणार कोण? तुम्हीच बोला त्यांच्याशी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतराव दार लावून पोटाला सुई टोचत होते, तेव्हा गोजाबाई समोर भाकरी घेऊन बसल्या. म्हणाल्या, चतकोर खावा, मग जावा. ते म्हणाले, उष्ट्या तोंडानं वीणा घेऊ का? मग सुई तरी कशाला घेता? तर म्हणे, डॉक्टरनं चुकवू नको म्हणून सांगितलंय. डॉक्टरनं जेवणही चुकवू नका म्हणून सांगितलंय, ते नाही ऐकलं? यशवंतराव म्हणाले, एक डॉक्टरचा हुकूम, एक बापाचा. दोघांचाही मान राखतो. गोजाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी सांगून पाहिलं, की त्या दिवशी जे झालं ते सुईनं झालं, पोट रिकामं होतं म्हणून झालं, पेढ्यानं साखर चढली म्हणून परत आलात.

यशवंतरावांनी सदऱ्याची गुंडी लावली. खूप वेळ लावली.

“तुला काय कळतंय त्यातलं,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “आण घातलीय तुला. ध्यानात हाय न्हवं?”

त्यांचा आवाज चढला असता तर गोजाबाईंना बरं वाटलं असतं. त्या आवाजात आर्जव होतं, आणि आर्जवाला काय उत्तर द्यायचं ते आईनं कुठल्या ओळीत सांगितलं नव्हतं.

मोनिकानं कामावर जायच्या आधी दवाखान्यात फोन लावून दिला. दीक्षा सिस्टर म्हणाली, मनानं सुई कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच नाही. आजोबांना डॉक्टरांकडं घेऊन या, उपास-तापास असतील तर डॉक्टर तसा हिशेब बसवून देतील. आणि तोवर त्यांना उपाशी उभं राहू देऊ नका. फोन ठेवल्यावर गोजाबाईंना वाटलं, शहाणपण सगळ्यांकडं आहे, नवऱ्याला उठवून नेईल असा हात तेवढा कुणाकडं नाही. यशवंतराव म्हणाले, सप्ताह झाला की येतो. चौथा दिवस त्यांनी चहावर काढला, पण त्या दिवशी पुढचा पहारेकरी लवकर आला आणि नुसत्या हाताच्या कापऱ्यावर निभावलं. पाचव्या दिवशी आबाजींनीच मध्ये टाळ बदलायच्या निमित्तानं तीर्थ दिलं, त्यात गूळ होता. देव राखतोय, गोजाबाई मनात म्हणाल्या, पण किती दिवस राखील? त्याला काय हाच एक माणूस आहे?

सहाव्या दिवशी रविवार होता. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे कशाची वाट बघत होते ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण फोन हातात तयार होते. गोजाबाई आज तांदूळ निवडायला गेल्या नाहीत. बायांच्या रांगेत अगदी पुढं बसल्या. शेजारी मोनिका, तिच्या मांडीवर झाकणाचा तांब्या. पाण्यात साखर दोघींनी घरूनच ढवळून आणली होती.

यशवंतराव वीणा घेऊन उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. पहिला काही वेळ त्यांचं नाम असं चाललं होतं, की गोजाबाईंना आपण उगाच घाबरलो असं वाटलं. मग त्यांनी जांभई दिली. थोड्या वेळानं आणखी एक. मग टाळकऱ्याकडं त्यांनी असं डोळे वटारून पाहिलं, की तो बिचारा ठेका चुकला. डावा अंगठा बोटांवर घासायला लागला. गोजाबाईंची नजर त्या अंगठ्यावर खिळली. लोकांची नजर चेहऱ्यावर होती. चेहरा घामानं डवरत होता.

“आलं, आलं,” मागून कुणी बाई कुजबुजली.

टाळ वाढले. यशवंतराव डावीउजवीकडं झुलू लागले. ओठ हलत होते, त्यातून नाम येत होतं की काय येत होतं, कुणास ठाऊक. एकदा त्यांनी समोर पाहिलं, थेट गोजाबाईंकडं, आणि त्या नजरेत ओळख नव्हती. बारक्या पोराची जत्रेत हात सुटल्यावर जशी नजर असते तशी ती होती. कुणी उठायला गेलं तर आबाजींनी हात आडवा केला. भाव मोडू नका, म्हणाले. माउलीचं नि त्याचं चाललंय.

गोजाबाईंच्या आत त्या क्षणी दोन बाया भांडत होत्या. एकीनं नवऱ्याच्या गळ्याची आण घेतली होती. ती म्हणत होती, माणसाला एवढ्या वर्षांनी मान मिळालाय, तो तू भरल्या मांडवात उतरवणार? दुसरी काही बोलत नव्हती. तिला नुसता तो अंगठा दिसत होता. आण मोडली तर मान जाईल. नाही मोडली तर ज्याच्या गळ्याची आण, तो गळाच राहायचा नाही.

त्या उठल्या.

वीणा बायकांनी धरू नये असं त्या गावात कुणी म्हणत नसे, पण धरतही कुणी नसे. गोजाबाईंनी पदर खोचला, टाळकऱ्यांच्या मधून गेल्या आणि रिवाजाप्रमाणं आधी नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मांडव हेलावला. बायांनी हात जोडले. पण गोजाबाईंच्या कपाळाला कळलं ते कुणाला कळलं नाही. पाय नदीतल्या दगडासारखे गार होते, आणि वरून कपाळावर टपकलेला घामाचा थेंब, चैत्राच्या भर दुपारी, तोही गार.

उभ्या राहून त्यांनी वीणेला हात घातला. यशवंतराव सोडीनात. बोटं दांडीला चिकटली होती. गोजाबाईंनी तोंड त्यांच्या कानाशी नेलं. एवढ्या लोकांत त्या नवऱ्याच्या इतक्या जवळ कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“अवं, म्या हाय,” त्या म्हणाल्या. “सोडा. म्या धरती.”

कुठंतरी खोल आवाज पोचला असावा. बोटं सैल झाली. वीणा त्यांच्या गळ्यात आली नि मोनिकानं पुढं होऊन सासऱ्यांना खांबाशी बसवलं. ‘बाबा, बाबा’ म्हणून हाका मारल्या, ते हुं म्हणाले, ओठांना लावलेला घोट गिळला, तेव्हा तिनं तांब्या तिरका केला.

आणि गोजाबाईंना जागचं हलता येईना. वीणा गळ्यात, ती खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याला द्यायची तर पुढं कुणी येईना. सगळे त्यांच्याकडंच बघत उभे. नवरा चार हातांवर खांबाला टेकलेला, आणि त्या तार छेडत नाम घेत होत्या. आवाज कुठून आला त्यांना कळलं नाही. जडसर होता, आणि रुतत नव्हता. डोळे मात्र नवऱ्याच्या ओठांवर. एक घोट. दुसरा. थोडं सांडलं. मोनिकानं पदरानं हनुवटी टिपली. लोकांना वाटत होतं, बाई देवाला आळवतेय. ती आळवत होतीच, पण देवळाकडं पाठ करून. हळूहळू अंगठा थांबला. मग पापण्या उघडल्या. मग त्या डोळ्यांत, विहिरीत पाणी चढावं तशी, ओळख चढत आली. यशवंतरावांनी आधी मोनिकाकडं बघितलं, मग वीणेकडं, मग वीणा धरणाऱ्या हातांकडं, नि मान खाली घातली.

तेव्हा कुठं चिमाबाई पुढं आली आणि तिनं वीणा घेतली.

घरी नेऊन मोनिकानं बोटाला टोचून साखर तपासली, आता ठीक होती. गोजाबाईंनी ताट वाढलं. यशवंतराव मुकाट जेवले. मीठ कमी होतं, तरी काही बोलले नाहीत. बाहेर ओट्यावर माणसांची रीघ लागली होती. आता तर नवराबायको दोघंही धन्य, असं आबाजी सांगत होते. पत्नीनं पतीच्या भावाचा भार गळ्यात घेतला. गोजाबाईंनी ते ऐकलं आणि भांड्यांचा आवाज जरा मोठा केला. त्यांनी आण मोडली नव्हती. सुईबद्दल एक शब्द उच्चारला नव्हता. पण कधी नव्हे ते त्यांना आपल्या न बोलण्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. सकाळीच यशवंतराव ओट्यावर बसले होते. गोजाबाईंनी पुढ्यात ठेवलेली न्याहारी त्यांनी आज पहिल्यांदा परत पाठवली नाही. अर्धी खाल्ली, अर्धी तशीच होती. आबाजी शेजारी सुपारी कातरत बसले होते. दर्शनाला आलेली पाचसहा माणसं खाली पायरीशी. एवढ्यात भाड्याच्या खोल्यांकडून सुमनताई आली. सुमनताई नि तिचा नवरा ज्योतीराम परभणीकडचे. ज्योतीराम भोसरीला वर्कशॉपात होता. बाई कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आज ती नवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि यशवंतरावांच्या पायाशी जमिनीवर बसली.

आधी ती नुसतीच हसली. मग लाजत लाजत तिनं सांगितलं. तिलाही साखर होती, वर्ष झालं सुई घेत होती; नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. काल सकाळी सुई घेऊन ती उपाशीच दर्शनाला आली होती, महाराज रिकाम्या पोटानं वीणा धरतात म्हणून. घरी गेली तर हातपाय थरथर कापायला लागले, घामानं चोळी भिजली, जीभ वळेना, समोरचं माणूस दोन दोन दिसायला लागलं.

“मला काईच समजंना झालं बघा,” सुमनताई म्हणाली. “पर आमच्या ह्यांनी वळखलं. म्हणले, सुमन, महाराजावाणीच व्हायलंय तुला. त्यांनी उदबत्ती लावली आन् माह्यापुढं हात जोडून बसले.”

पायरीवरच्या बायांनी एकमेकींकडं बघून हात जोडले. आबाजी सुपारी कातरायचे थांबले. भाग्यवान आहेस पोरी, असं ते म्हणाले.

मग शेजारणीनं काही न कळता गोड चहा पाजला होता, म्हणून सुमनताई उठून बसली. आता तिला एकच विचारायचं होतं. देवानं जवळ केलंय, तर सुईची आता काय गरज? आजपासून बंद केली तर चालेल ना? की काल्यापर्यंत उपास धरून मग बंद करू? महाराज सांगतील तसं.

गोजाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळं अंग कान झालं होतं. शब्द जिभेवर येऊन थांबले होते, आण की काय ती आता त्यांना धाग्याएवढी वाटत होती. पण त्या बोलल्या नाहीत. नवऱ्याकडं बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी त्याची भूक त्याच्या आधी ओळखली होती; ही एक वेळ त्यानं स्वतःच ओळखावी, असं त्यांना वाटत होतं.

यशवंतराव सुमनताईकडं बघत होते. तिच्या नव्या लुगड्याकडं, ताटातल्या कुंकवाकडं, मनगटावरच्या बांगड्यांकडं. ती बाई त्यांच्या एका शब्दावर मरायला तयार होऊन बसली होती, आणि हसत होती. त्यांनी पायरीवरच्या माणसांकडं पाहिलं. आबाजींकडं पाहिलं. मग सरळ झालेले खांदे त्यांनी स्वतःच हलकेच खाली सोडले, नि समोरची न्याहारीची ताटली सुमनताईपुढं सरकवली.

“आधी ह्यातलं चार घास खा,” ते म्हणाले. “आन् खाली नगं, हितं वर बस, माझ्याशेजारी.”

ती बावरून उठली, कडेला टेकली. यशवंतरावांनी सदऱ्याची खालची गुंडी सोडली. कमरेच्या वर, पोटावर, सुयांच्या बारक्या काळ्यानिळ्या खुणा होत्या.

“मलाबी सुई हाय, सुमन. संक्रांतीपासनं,” ते म्हणाले. आवाज कापत होता, पण शब्द एकही अडखळत नव्हता. “कापरं भरलं, गार घाम सुटला, जीभ वळंना झाली, की त्यो देव नसतो. साखर उतरलेली असती. तवा हात न्हाई जोडायचे, तोंडात साखर घालायची. ज्योतीरामलाबी सांग. सुई सोडायची न्हाई आन् सुई घेऊन उपाशी ऱ्हायचं न्हाई.” मग ते उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोकडं वळले. “आन् गोजा, मला ते पहिल्याच दिशी कळलं व्हतं. लोकं पाया पडत व्हती, ते मला ग्वाड लागलं, म्हून म्या बोललो न्हाई.”